पत्त्यावरचा शिक्का

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी १९७६ साली ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायला घेतली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या हाती त्यांनी खराखुरा कर्नलच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच, ठेवला. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा तो छापील कोड होता, सुमारे नऊ हजार ओळींचा. सोबत लायन्स यांचे त्यावरचे भाष्य. परवान्याच्या अटींमुळे हे पुस्तक दुकानात येऊ शकले नाही, पण जगभरच्या विद्यापीठांत त्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स निघत राहिल्या. रीतसर प्रकाशन व्हायला १९९६ उजाडावे लागले. तोवर दोन पिढ्यांनी ते चोरूनमारून वाचले होते.

त्या कोडात पीडीपी-११ या यंत्राच्या असेंब्ली भाषेत लिहिलेली काही अगदी छोटी फंक्शन्स आहेत. नावे फ्यूबाइट, फ्यूवर्ड, सूबाइट, सूवर्ड. पहिली दोन वापरकर्त्याच्या मेमरीतून एक बाइट किंवा एक शब्द आणतात, पुढची दोन तिथे नेऊन ठेवतात. वाचताना नजर सहज पुढे सरकते. पण कर्नलमधल्या धोकादायक पॉइंटरांना पकडण्याचा सगळा पुढचा इतिहास या चार फंक्शनांपासून मोजता येतो.

पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या एखाद्या जागेचा पत्ता धरून ठेवणारा आकडा. एखादा प्रोग्रॅम कर्नलला सांगतो, ‘ही फाइल वाच आणि मजकूर ४००० या पत्त्यावर ठेव.’ हा ४००० प्रोग्रॅमच्या नकाशातला असतो. पीडीपी-११ वर कर्नलचा नकाशा वेगळा आणि प्रोग्रॅमचा वेगळा. दोन्हींत ४००० आहे, पण जागा निराळ्या. सातबारावरचा गट क्रमांक गाव आणि तालुक्याशिवाय निरर्थक असतो, कारण तोच क्रमांक शेजारच्या गावातही असतो. तसेच हे होते. कर्नलने तो आकडा घेऊन थेट वाचायचा प्रयत्न केला, तर त्याच्या स्वतःच्याच मेमरीतला कसलातरी असंबद्ध तुकडा हाती लागे आणि चूक लगेच उघडी पडे. वेस ओलांडायला यंत्राची खास आज्ञा लागे. ती आज्ञा चालवण्याआधी कर्नल ‘नोफॉल्ट’ नावाच्या जागी एक वाट लिहून ठेवी: पत्ता खोटा निघाला तर कोसळायचे नाही, इकडे यायचे आणि उणे एक परत द्यायचा.

याच काळातली सी भाषा मात्र पत्त्यांच्या बाबतीत फार ढिली होती. कुठलाही पूर्णांक पॉइंटर म्हणून वापरता येई. लायन्स यांच्या पुस्तकातल्या कर्नलमध्येच यंत्राच्या दर्शनी भागावरच्या स्विचांचा पत्ता एक साधा आकडा म्हणून लिहिलेला आहे आणि त्याला थेट बाण लावून किंमत वाचलेली आहे. म्हणजे कोणता पत्ता कोणाचा, याची आठवण भाषेला नव्हती. ती यंत्राला होती.

युनिक्स जिथे घडले त्या बेल लॅब्जमध्येच स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास ‘लिंट’ हा प्रोग्रॅम लिहिला. कंपायलर ज्या विसंगती निमूटपणे पचवतो त्या हा दाखवी: एका ठिकाणी पूर्णांक घेणाऱ्या फंक्शनला दुसरीकडून पॉइंटर दिला आहे, अमुक किंमत मोजली पण वापरलीच नाही, वगैरे. कोड न चालवता नुसता वाचून दोष काढण्याच्या सगळ्या साधनांचा तो पूर्वज. पण वापरकर्त्याकडून आलेला अक्षरांचा पत्ता आणि कर्नलचा स्वतःचा अक्षरांचा पत्ता हे लिंटच्या दृष्टीनेही एकाच जातीचे होते. ही फट पुढे पंचवीस वर्षे तशीच राहिली.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सची पहिली आवृत्ती लिहिली ती इंटेलच्या ३८६ वर. या प्रोसेसरमध्ये मेमरीचे वेगवेगळे सेगमेंट धरणारी काही रजिस्टरे आहेत. त्यांतल्या एफएस नावाच्या रजिस्टरात टोरवाल्ड्स यांनी प्रोग्रॅमचा सेगमेंट ठेवला. प्रोग्रॅमच्या मेमरीतून काही आणायचे तर त्या रजिस्टराच्या वाटेनेच जायचे. त्यासाठीच्या फंक्शनांच्या नावातही एफएस होते. थेट वाचले तर इथेही चुकीची जागा मिळे. पीडीपी-११ ने घालून दिलेली शिस्त वेगळ्या मार्गाने टिकून होती.

तिची किंमत मात्र भारी होती. ३८६ ला एक खोड होती: कर्नल अवस्थेत लिहिताना तो मेमरीच्या पानांवरची लेखनबंदी मानतच नसे. त्यामुळे प्रत्येक वेळी आधी ‘व्हेरिफाय एरिया’ या फंक्शनने पाने तपासायची, मगच लिहायचे. शंभरातल्या जवळजवळ शंभर वेळा पत्ता बरोबरच असतो, तरी तपासणीचा वेळ द्यावाच लागे.

१९९६ साली लिनक्सच्या २.१ मालिकेत हे सारे मोडून नवे बांधले गेले. कर्नल आणि प्रोग्रॅम आता एकाच सलग नकाशात आले: ३२ बिटांच्या चार जीबींपैकी खालचे तीन प्रोग्रॅमचे, वरचा एक कर्नलचा. ‘कॉपी फ्रॉम यूजर’ आणि ‘कॉपी टू यूजर’ ही आजही रोज वापरली जाणारी फंक्शन्स तेव्हाची. ती पत्ता सीमेच्या खाली आहे का, एवढेच पाहतात आणि थेट कामाला लागतात. पत्ता खोटा निघाला तर प्रोसेसर अडतो. मग कर्नल एका तक्त्यात शोधतो की या आज्ञेवर अडल्यास कुठे जायचे. युनिक्सचे ‘नोफॉल्ट’ वीस वर्षांनी नव्या रूपात परत आले होते. ही रचना सुरेख होती आणि वेगवानही.

पण तिने एक आधार काढून घेतला. नकाशा एकच झाल्यावर प्रोग्रॅमने दिलेला पत्ता कर्नलने थेट वापरला तरी सगळे व्यवस्थित चाले. चूक बरोबर उत्तर देऊ लागली. ड्रायव्हर लिहिणारा प्रोग्रॅमर ‘कॉपी फ्रॉम यूजर’ लिहायला विसरला, तरी त्याचा कॅमेरा चित्र देई, साउंड कार्ड वाजे, चाचण्या पार पडत. जे वगळले गेले होते ते म्हणजे सीमेची तपासणी. कोणी मुद्दाम तीन जीबीच्या वरचा, म्हणजे खुद्द कर्नलचा पत्ता दिला की तो ड्रायव्हर आज्ञाधारकपणे कर्नलच्या पोटात लिही किंवा तिथले वाचून बाहेर देई. साध्या खात्यावरून सगळ्या यंत्राची मालकी मिळवायला तेवढे पुरे होते. स्पार्कच्या ६४ बिटी यंत्रांवर किंवा आयबीएमच्या मेनफ्रेमवर वेगळे नकाशे अजून होते, तिथे हाच कोड लगेच कोसळला असता. पण बहुतेक ड्रायव्हर पीसीवर लिहिले जात आणि पीसीवरच तपासले जात.

प्रोग्रॅम कर्नलकडे काम मागतो ते सिस्टिम कॉलमधून, आणि सगळ्यात वाईट अवस्था ‘आयओसीटीएल’ या सिस्टिम कॉलची. एखाद्या उपकरणाला कुठलीही विशेष सूचना द्यायची तर हाच रस्ता. त्याला एक आज्ञेचा क्रमांक मिळतो आणि एक मोठा पूर्णांक. तो पूर्णांक कधी नुसता आकडा असतो, कधी पत्ता, आणि कधी अशा नोंदीचा पत्ता की जिच्या आत आणखी पत्ते दडलेले असतात. प्रोग्रॅमर पहिली नोंद नीट, नियमाप्रमाणे कर्नलमध्ये उतरवून घेई. नोंद आता कर्नलच्या मेमरीत आहे म्हणून निर्धास्त होई. आणि तिच्या आतला पत्ता थेट वापरी. तो आतला पत्ता अजूनही परक्याचाच असे. नोंदीबरोबर त्याची मालकी बदललेली नसते. जाणत्या माणसांनी हाताने तपासलेल्या कोडातही अशा चुका निसटत असत.

स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉसन एंगलर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. प्रत्येक कर्नलचे काही अलिखित नियम असतात: हे कुलूप लावले तर ते काढलेच पाहिजे, वापरकर्त्याचा पत्ता थेट वापरायचा नाही. कंपायलरला हे नियम ठाऊक नसतात. मग ते त्याला शिकवता यावेत अशी सोय त्यांनी केली. २००० साली त्यांनी मांडलेल्या निबंधात लिनक्स, ओपनबीएसडी आणि आणखी दोन प्रणालींतले मिळून सुमारे पाचशे दोष होते. २००२ मध्ये केन अ‍ॅशक्राफ्ट आणि एंगलर यांनी खास सुरक्षेचे दोष शोधले आणि लिनक्स व ओपनबीएसडी मिळून शंभराहून अधिक काढले. मधल्या २००१ च्या अभ्यासातून असेही दिसले की ड्रायव्हरांच्या कोडात काही प्रकारच्या चुकांचे प्रमाण उरलेल्या कर्नलच्या सात पटींपर्यंत जाते.

याच गटाची २००१ मधली एक कल्पना विलक्षण होती. नियम माहीत नसला तरी प्रोग्रॅमरच्या कोडातूनच त्याची समजूत ओळखायची, आणि दोन समजुती एकमेकींना छेद देत असतील तर कुठेतरी चूक नक्की आहे असे धरायचे. एखाद्या पॉइंटरवरून आधी किंमत वाचली, म्हणजे तो शून्य नाही अशी खात्री. आणि दोन ओळींनंतर तो शून्य आहे का असे विचारले, म्हणजे खात्री नाही. दोन्ही खरे असू शकत नाही. हे उदाहरण पुढे २००९ मध्ये पुन्हा भेटणार आहे.

स्टॅनफर्डचे ते साधन मात्र खुले नव्हते. त्यातून पुढे कोव्हेरिटी ही कंपनी उभी राहिली. लिनक्सच्या लोकांना दोषांच्या याद्या मिळत, साधन मिळत नसे.

कर्नल आणि प्रोग्रॅम यांच्यातली सीमा किती नाजूक आहे याचा धडा २००३ च्या नोव्हेंबरमध्ये मिळाला. डेबियन या लिनक्स वितरणाचे चार सर्व्हर फोडले गेले. हल्लेखोराच्या हाती एका डेव्हलपरचा पासवर्ड लागला होता, पण ते साधे खाते होते. तिथून मालकीहक्कापर्यंत त्याला नेले ते ‘डू बीआरके’ या फंक्शनमधल्या एका उणिवेने. प्रोग्रॅमने आपली मेमरी वाढवून मागितली तर ती तीन जीबीची सीमा ओलांडते का, हे तिथे पाहिलेच जात नव्हते. दुरुस्ती सप्टेंबरातच झालेली होती. पण ती सुरक्षेची दुरुस्ती आहे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते, म्हणून ती लोकांच्या यंत्रांपर्यंत पोहोचली नव्हती.

त्याच वर्षी टोरवाल्ड्स यांनी ‘स्पार्स’ लिहायला घेतला होता.

स्पार्स हा सी भाषेचा कोड वाचून त्याचा अर्थ लावणारा छोटा प्रोग्रॅम. त्यात भलती हुशारी नाही, आणि तीच त्याची ताकद. त्याचा कणा एक शिक्का आहे. वापरकर्त्याकडून आलेल्या प्रत्येक पॉइंटरच्या घोषणेत दोन अधोरेषा आणि पुढे ‘यूजर’ असा शब्द लिहायचा. स्पार्सच्या दृष्टीने त्याचे दोन अर्थ होतात: हा पत्ता वेगळ्या नकाशातला आहे, आणि यावरून थेट काहीही वाचायचे-लिहायचे नाही. असा पत्ता शिक्का नसलेल्या चलात टाकला किंवा शिक्का नसलेल्या फंक्शनला दिला की इशारा मिळतो. नेहमीच्या कंपायलरला तो शब्द तेव्हा दिसतच नसे. त्याच्यासाठी ती रिकामी जागा असे. त्यामुळे तयार होणाऱ्या कर्नलमध्ये एका बाइटचाही फरक पडत नसे. तपासणी हवी असेल तर ‘मेक’ या आज्ञेला ‘सी बरोबर १’ जोडायचे, की नव्याने कंपाइल होणाऱ्या फाइली तपासल्या जातात. २ लिहिले तर सगळ्याच.

पीडीपी-११ वर जी माहिती यंत्राकडे होती आणि १९९६ नंतर केवळ प्रोग्रॅमरच्या डोक्यात उरली होती, ती आता पहिल्यांदा कोडात लिहिली जाऊ लागली. स्पार्सचे मोठेपण इथे आहे. पत्ता म्हणजे शेवटी एक आकडा, आणि आकडा आपण कुठून आलो हे सांगत नाही. ते ज्याला ठाऊक आहे त्यानेच, ज्या क्षणी ठाऊक आहे त्या क्षणी, लिहून ठेवायचे. पुढचे काम कोणतेही साधे साधन करू शकते.

पण लिहिणार कोण? २००३ च्या डिसेंबरात निघालेल्या लिनक्स २.६ मध्ये सुमारे साठ लाख ओळी होत्या. एका फंक्शनवर शिक्का मारला की त्याला हाक मारणाऱ्या सगळ्या फंक्शनांत इशारे उमटतात, त्यांवर मारला की त्यांच्या मागच्यांत. सुरुवातीला इशाऱ्यांचा पूर आला. २००४ मध्ये अल वीरो यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर अंगावर घेतले आणि ड्रायव्हरांपासून फाइल सिस्टिमपर्यंत फाइलमागून फाइल शिक्के मारत नेले. हे यांत्रिक काम नव्हे. प्रत्येक इशाऱ्यापाशी थांबून विचारावे लागते की इथे फक्त शिक्का राहिला आहे, की खरोखरच परका पत्ता थेट वापरला जातो आहे? काही ठिकाणी एकच चल अर्ध्या फंक्शनात वापरकर्त्याचा पत्ता धरतो आणि उरलेल्या अर्ध्यात कर्नलचा. तिथे कोडच उलगडून पुन्हा लिहावा लागतो. ‘फोर्स’ नावाचा एक शब्द लिहून इशारा गप्प करता येतो, आणि घाईतल्या माणसाला तो मोह होतोच. कोड तपासण्याच्या शास्त्राच्या इतिहासात निबंध आणि साधने यांची नावे राहतात. वीरो यांच्यासारख्यांनी केलेल्या या चिकाटीच्या वाचनाला त्यांच्या बरोबरीची जागा मिळायला हवी. शिक्क्यांशिवाय स्पार्स मुका होता.

त्याच २००४ मध्ये टोरवाल्ड्स यांनी उपकरणांच्या रजिस्टरांसाठी दुसरा शिक्का आणला, कारण ड्रायव्हर तेही पत्ते थेट वापरत आणि पीसीवर ते खपून जाई. पुढे प्रत्येक प्रोसेसरच्या खासगी मेमरीसाठी तिसरा आला, आणि आरसीयू या कुलपाविना वाचण्याच्या पद्धतीसाठी चौथा.

शिक्के मारण्याची मेहनत कमी करता येईल का, याचे उत्तर बर्कलेत शोधले जात होते. रॉब जॉन्सन आणि डेव्हिड वॅग्नर यांनी सीक्वाल हे साधन लिनक्ससाठी सुधारून घेतले. त्यात मोजक्या जागी खूण करायची; बाकीचे पत्ते कुठून कुठे वाहत जातात हे साधनच ताडते. २००४ च्या युजनिक्स सुरक्षा परिषदेत त्यांनी दाखवलेले १७ दोष हल्ल्यासाठी वापरता येण्याजोगे होते. त्यांतले कित्येक हाताने केलेल्या तपासणीतून किंवा इतर साधनांतून निसटलेले होते. नोंदीच्या आत दडलेल्या पत्त्यांवर या पद्धतीचा चांगला जोर चाले.

तरी कोणतेही साधन सगळेच ताडू शकणार नाही. दोन पॉइंटर एकाच जागेकडे निर्देश करतात का, हे प्रत्येक प्रोग्रॅमबाबत अचूक सांगणारी रीत असूच शकत नाही, हे विल्यम लँडी यांनी १९९२ मध्ये आणि जी. रामलिंगम यांनी १९९४ मध्ये सिद्ध केलेले आहे. मग उरतो तो अंदाज किती नेटका करता येईल हा प्रश्न. त्यावर मुंबईत, पवईच्या आयआयटीत, दीर्घकाळ काम झाले आहे. उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी २००७ मध्ये मेमरीतल्या कोणत्या वाटा प्रोग्रॅमला पुढे लागणारच नाहीत हे ताडायची पद्धत मांडली, आणि २००९ मध्ये खेडकर, सन्याल आणि बागेश्री करकरे यांनी मिळून डेटा फ्लो विश्लेषणावर ग्रंथ लिहिला. लिनक्स ज्या जीसीसीने कंपाइल होतो, त्या जीसीसीचे अंतरंग शिकवणारे केंद्रही तिथेच चालवले गेले.

आणि २००९ च्या जुलैत प्रश्न नेमका जीसीसीपाशीच येऊन ठेपला. ब्रॅड स्पेंगलर यांनी लिनक्स २.६.३० वर चालणारा एक हल्ला जाहीर केला. दोष ‘टन’ या आभासी नेटवर्क ड्रायव्हरात होता. एका ओळीत टन हा पॉइंटर वापरून त्यातली एक किंमत घेतली होती; थोडे पुढे तो पॉइंटर शून्य असेल तर चूक कळवून परतायचे असे लिहिले होते. कोड वाचणाऱ्याला तपासणी डोळ्यांसमोर दिसत होती. तयार झालेल्या कर्नलमध्ये ती नव्हती. सी भाषेच्या नियमानुसार शून्य पॉइंटर वापरणे हे अव्याख्यात वर्तन आहे. म्हणून कंपायलरने हिशेब केला: वर पॉइंटर वापरलाच आहे, अर्थात तो शून्य नाही, अर्थात खालची तपासणी निरुपयोगी आहे. आणि ती काढून टाकली.

स्टॅनफर्डच्या गटाने २००१ मध्ये ज्या विसंगतीला दोषाचा पुरावा मानले होते, तीच विसंगती इथे कंपायलरला तपासणी पुसायची मुभा देऊन गेली. एकाच ओळीचे हे दोन अर्थ एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत असे आहेत. शून्य पॉइंटर एरवी कर्नलला फक्त कोसळवतो. पण कर्नल आणि प्रोग्रॅम एकाच नकाशात असल्यामुळे हल्लेखोर शून्य पत्त्यावर स्वतःचे पान मांडू शकत होता, आणि कर्नल तिथली माहिती खरी समजून पुढे जाई. खालचे पत्ते मागण्यावर २००७ पासून मर्यादा होती, पण ती चुकवण्याच्या वाटा होत्या. पुढच्याच महिन्यात टॅव्हिस ऑर्मंडी आणि ज्युलियन टिन्स यांनी नेटवर्क सॉकेटांमधला असाच एक शून्य-पॉइंटर दोष उघड केला. तो २००१ पासूनच्या कर्नलांत होता. टनमधल्या दोषानंतर कर्नल कंपाइल करताना जीसीसीला अशा तपासण्या काढू नकोस अशी स्पष्ट आज्ञा दिली जाऊ लागली.

प्रोसेसर बनवणाऱ्यांनीही हे मनावर घेतले. इंटेलच्या २०१२ च्या आयव्ही ब्रिज चिपांपासून कर्नल अवस्थेत वापरकर्त्याच्या पानांवरचा कोड चालवायला बंदी आली. २०१४ च्या ब्रॉडवेल चिपांनी एक पाऊल पुढे टाकले: त्या पानांतले वाचणे-लिहिणेही बंद. खरेच लागेल तेव्हा एक आज्ञा देऊन दार उघडायचे, काम झाले की दुसरीने लावायचे. एच. पीटर अँविन यांनी त्यासाठीचा कोड २०१२ मध्येच लिनक्समध्ये आणून ठेवला होता, चिपा बाजारात यायच्या आधी. ‘कॉपी फ्रॉम यूजर’च्या आत ही दोन आज्ञांची जोडी बसली. विसरून थेट वापरलेला पत्ता आता चाचणीतच आपटतो. १९९६ मध्ये सोडून दिलेले संरक्षण जवळजवळ अठरा वर्षांनी लोखंडात परत आले.

एवढ्यानेही सगळे भागत नाही, हे २०१७ मध्ये दिसले. लिनक्स ४.१३ मध्ये ‘वेटआयडी’ हा सिस्टिम कॉल थोडा वेगवान करताना सीमेची तपासणी गळाली. पॉइंटरवर शिक्का होता, लिहिण्यासाठी नेमून दिलेली रीतच वापरली होती. पत्ता आता ६४ बिटी झालेल्या नकाशातल्या सीमेच्या खाली आहे का हे मात्र कोणी विचारले नाही. शिक्का बरोबर म्हणून स्पार्स गप्प. हल्लेखोराने कर्नलचा पत्ता दिला तर ते पान वापरकर्त्याचे नसते, म्हणून प्रोसेसरही गप्प. सप्टेंबरात आवृत्ती निघाली आणि ऑक्टोबरात दुरुस्ती झाली.

वेळेचा प्रश्न आणखी निराळा. एकच परका पत्ता कर्नलने दोनदा वाचला, एकदा तपासायला आणि एकदा वापरायला, तर मधल्या क्षणी दुसरा थ्रेड तिथली किंमत बदलू शकतो. मातेउश युर्चिक आणि गिनव्हाएल कोल्डविंड यांनी २०१३ मध्ये विंडोजच्या कर्नलात असे दोष शोधले ते संपूर्ण यंत्राचे अनुकरण करून, मेमरीच्या प्रत्येक वाचनाची नोंद ठेवून. लिनक्समध्ये अलीकडे आलेल्या रस्ट भाषेच्या भागात वापरकर्त्याच्या मेमरीसाठी जो प्रकार आहे, त्याची रचनाच अशी केली आहे की वाचलेला तुकडा मागे पडतो आणि पुढचे वाचन पुढच्या तुकड्याचे होते. तेच पुन्हा वाचणे सहजासहजी घडत नाही.

मालकी सोडलेल्या मेमरीचे पॉइंटर, सीमेबाहेर घसरलेले पॉइंटर, यांना पकडायला चालत्या कर्नलवर पाळत ठेवावी लागते. आंद्रेई रियाबिनिन यांचे ‘केसॅन’ २०१५ मध्ये लिनक्स ४.० मध्ये आले. मेमरीच्या प्रत्येक आठ बाइटांमागे ते एक बाइट राखते आणि त्यात त्या आठांतले किती वापरायला मोकळे आहेत ते लिहिते. गूगलच्या दिमित्री व्युकोव्ह यांचा ‘सिझकॉलर’ कर्नलवर सिस्टिम कॉलांचा भडिमार करतो, केसॅन खाली टिपत बसते. ही जोडी आज जितके दोष काढते तितके वाचून काढणे माणसांना शक्य नाही. आणि तरीही कोणी नवा पॅच पाठवला की तपासणाऱ्या यंत्रणा स्पार्सही चालवतात, आणि शिक्का चुकला असेल तर पाठवणाऱ्याला तासाभरात किंवा दिवसाभरात पत्र जाते.

राहिली ती एफएसची गोष्ट. सेगमेंटची युक्ती १९९६ मध्ये गेली, पण ‘सेट एफएस’ हे फंक्शन नाव न बदलता मागे उरले. कर्नलला स्वतःचेच फंक्शन वापरकर्त्याच्या वाटेने बोलवायचे असेल तेव्हा ते सीमेची तपासणी तात्पुरती उठवी. काम झाल्यावर सीमा परत आणायची असते. २०१० मध्ये नेल्सन एल्हेज यांनी दाखवले की सीमा उठलेली असतानाच कर्नल अडखळला, तर ती परत आणणारी ओळ चालतच नाही. प्रोग्रॅम संपवताना कर्नल प्रोग्रॅमनेच आधी सांगून ठेवलेल्या पत्त्यावर शून्य लिहितो, आणि तो पत्ता आता कर्नलचाही असू शकतो. क्रिस्टोफ हेलविग यांनी अनेक वर्षे एकेक वापर उपटत २०२० च्या डिसेंबरातल्या ५.१० मध्ये इंटेलसह काही प्रोसेसरांवरून ते काढून टाकले. २०२२ च्या मे महिन्यातल्या ५.१८ मध्ये ते सगळ्याच यंत्रांवरून गेले.

त्याच ५.१८ मध्ये वापरकर्त्याच्या शिक्क्याला नवे काम मिळाले. बीपीएफ नावाचे छोटे प्रोग्रॅम चालत्या कर्नलमध्ये घालता येतात. आत घेण्याआधी कर्नलमधला परीक्षक त्यांची एकेक आज्ञा तपासतो. तोवर शिक्का कंपायलरपाशी पुसला जाई, त्यामुळे परीक्षकाला तो कधी दिसत नसे. आता क्लँग कंपायलर तो कर्नलबरोबर ठेवलेल्या प्रकारांच्या माहितीत लिहून देतो. कर्नलच्या एखाद्या नोंदीतला पत्ता वापरकर्त्याचा आहे असे तिथे दिसले, तर तो थेट वापरणारा बीपीएफ प्रोग्रॅम परीक्षक आत घेत नाही. त्याने वापरकर्त्याची मेमरी वाचण्यासाठी नेमलेल्या फंक्शनातूनच जावे लागते.